अर्ध्या अर्ध्या वड्या

बारामतीच्या कॉलेजातल्या त्या मॅडम बावड्यात आल्या की प्रत्येक घरातून निघताना स्वतः तयार केलेल्या साबणानं हात धुवायच्या आणि हुंगून बघायच्या. कडुनिंबाचा वास यायचा. मी गावची आशा कार्यकर्ती, घरं दाखवायला बरोबर असायचे. त्या बोलायच्या कमी, पण नायट्याच्या चट्ट्याला बोट लावण्याआधी "दुखेल का?" विचारून उत्तरासाठी थांबायच्या.

नायटा झालेल्या बायकांना चाचणीसाठी हा साबण वाटताना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, काही वड्या औषधी आहेत, काही साध्या, वास मात्र सगळ्यांना सारखाच. कुणाला कुठली मिळाली ते चाचणी संपल्यावर कळेल.

पुढच्या खेपेला आम्ही दोन जावांकडे गेलो. दोघींचे चट्टे गेले होते. मॅडमना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग न्हाणीत त्यांना कापलेल्या वड्या दिसल्या.

"अर्ध्या अर्ध्या वाटून घेतल्या," थोरली म्हणाली. "एकीला गुण यायचा आन् एकीनं खाजवत बसायचं, घरात बरं दिसतं का?"

मॅडमचं हसू मावळलं. दोघींना चाचणीतून वगळावं लागेल, एवढंच त्या म्हणाल्या.

"आमी बऱ्या झालो, त्ये खोटं हाय व्हय?" धाकटीनं विचारलं.

"खोटं नाही. पण कशानं झालात, ते मला सांगता येणार नाही."

बाकी कुठल्याच घरात इतका गुण आला नव्हता. तरी त्यांनी तिथंच दोघींच्या नावांवर रेघ मारली. निघताना हात धुतले. हुंगले मात्र नाहीत.