हेस्टिंग्जच्या चर्चमध्ये आईचा आवाज

इराच्या चेलोच्या टीचरने फारच आग्रह केला म्हणून आम्ही मायलेकी शनिवारी हेस्टिंग्जला निघालो. एक वयस्कर अमेरिकन संगीतकार तिथल्या चर्चमध्ये स्वतःच्या रचना ऐकवणार होते. ईलिंगहून लंडन ब्रिज आणि तिथून थेट ट्रेन. वीकेंडला जाणार असाल तर आधी वेबसाइट बघा. रुळांचं काम चालू होतं, त्यामुळे आम्हाला शेवटचा टप्पा ट्रेनऐवजी सोडलेल्या रिप्लेसमेंट बसमध्ये उभ्याने काढावा लागला. दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर बसून चिप्स खाल्ले. अर्धे सीगल्सनी पळवले.

चर्च चढावर आहे. पत्रकात संगीतकारांची ओळख होती: ओहायोतल्या पियानो दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, संगीत कुठे शिकलाच नाही. तरुणपणी क्रॉयडनच्या एका हॉस्पिटलात पोर्टर, म्हणजे पेशंटच्या ट्रॉल्या ढकलणारा, होता आणि टेपरेकॉर्डर घेऊन हिंडायचा. माणसांचं बोलणं टेप करायचं, त्यातला एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्या बोलण्याच्या चढउतारांवर व्हायोलिन, चेलो चालवायचे, ही त्यांची शैली. शेवटच्या रचनेचं नाव होतं 'प्रार्थना'.

आधी टेपची खरखर, मग एका बाईचा आवाज: "मेल्या चाकाला तेल कोण घालणार? माझा बाप?"

माझ्या मांडीवरचा कोट खाली पडला. ती माझी आई होती. क्रॉयडनला नर्स होती. तिला जाऊन नऊ वर्षं झाली आणि तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही.

तेच वाक्य परत. परत. तिच्या 'बाप'वर चेलो खाली उतरत होता. लोक डोळे मिटून ऐकत होते.

"मम, हा बाई मराठी बोलते?" इरा कुजबुजली.

"ही बाई. तुझी आजी आहे."

संपल्यावर मी संगीतकारांसमोर जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. "आणि ही प्रार्थना नाही. अडकलेल्या ट्रॉलीला शिव्या घालतेय ती."

ते पांढरेफटक पडले. बाकावर बसले. "इतकी वर्षं मी..." मग म्हणाले, "नाव काय होतं त्यांचं?"

"तेव्हाच विचारायला हवं होतंत." मला रागच आला होता. मग मी म्हणाले, "सुमन."

स्पेलिंग विचारून त्यांनी ते लिहून घेतलं.

परवा त्यांनी पूर्ण टेप पाठवली. त्या वाक्यानंतर आई हसते, मोठ्याने, ठसका लागेपर्यंत. बाविशीची असेल. घरी ती अशी हसलेली मी कधीच ऐकली नाही. कॉन्सर्ट कसा होता, मैत्रिणी विचारतात. मी काय सांगू? मी ते हसणं ऐकत बसते, आणि वाटतं, ही मुलगी मला भेटलीच नव्हती.