बावीस नारळ आणि नववी बाई

पापनाशमजवळच्या आमच्या मळ्यात बावीस नारळ होते, अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःच्या हातांनी पाणी घालून वाढवलेले. त्यातल्या दोन झाडांच्या झावळ्या लोंबायला लागल्या, बुंध्यातून तपकिरी डिंक गळायला लागला आणि अप्पांचं जेवण कमी झालं. गावात ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. मी तेव्हा तंजावुरात विम्याच्या ऑफिसात कारकून होते. राजवाड्याजवळ नुकतंच इंटरनेटचं एक ब्राउझिंग सेंटर निघालं होतं. म्हटलं, जगाला विचारून बघू या.

आता आमची खोड ऐका. आम्ही तंजावूरचे मराठी. घरात मराठी बोलतो, वाचतो मात्र तमिळ. आमच्या घरात महाराष्ट्र कुणी पाहिलेला नाही, पण त्याचं नाव काढलं की सगळे हळवे. म्हणून मी नारळवाल्यांना विचारायचं सोडून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या मंडळींच्या ई-मेल गटात अप्पांच्या नावाने विचारलं. दुसऱ्याच दिवशी कोकणातल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं. बुंध्याशी मीठ घाला, पाणी भरपूर सोडा, एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वाहू द्या. सुरुवात "काका, नमस्कार" अशी. मी ते कागदावर छापून घरी नेलं, वाचून दाखवलं तर अप्पांचे डोळे भरून आले. "आपला माणूस आहे," म्हणाले. "तो खोटं कशाला सांगेल?"

खोटं सांगत नव्हताच हो तो. पण त्याने आमची झाडं पाहिली नव्हती आणि एका शब्दानं विचारलंही नव्हतं.

अप्पांनी अगदी तसंच केलं, आणि चार महिन्यांत आणखी तीन झाडांना डिंक आला. अप्पांनी करवतवाल्यांना शुक्रवारी यायला सांगितलं. "सगळी पाडायची. एकेक मरताना मला बघवत नाही."

मला असा संताप आला! अप्पांचा नाही, माझा स्वतःचाच. सोमवारी ऑफिस सुटल्याबरोबर सेंटरात शिरले आणि नारळ लावणाऱ्यांच्या एका इंग्रजी फोरमवर सगळं खरं खरं लिहिलं, मीठपाण्याचा गाढवपणासुद्धा. बुधवारपर्यंत नऊ उत्तरं आली. आठ जणांकडे रामबाण औषध तयार होतं. एकाला तर ते मला विकायचंच होतं. नववी एक बाई होती. तिने उपाय सांगितलाच नाही, उलट मलाच प्रश्न. डिंक जमिनीपासून किती उंचीवर? बुंध्याशी अळंबी उगवली का? आजारी झाडाचं पाणी चांगल्या झाडाकडे जातं का? मी तिथेच बसून उत्तरं दिली. तासाभरात तिचं उत्तर: "मुळांना बुरशी लागली असावी असं वाटतं. पण मी झाड पाहिलेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी तुमच्या शेती ऑफिसात दाखवा. तिथे सगळ्यांना ठाऊक असेल, या रोगाला तुमच्याच गावाचं नाव आहे."

अय्यय्यो! साऱ्या जगाला विचारत बसले आणि रोगाचं नाव तंजावूर विल्ट, म्हणजे तंजावूरची मर!

गुरुवारी रजा टाकली, डिंकाळलेली साल मोपेडला बांधली आणि शेती ऑफिस गाठलं. साहेब साल बघून हसले. "अम्मा, हे तर आमचं रोजचंच. आधी का नाही आलात?" बाईचा अंदाज बरोबर होता. त्यांनी उपाय लिहून दिला. आजारी झाडांभोवती चर खणा, मुळांशी मोरचूद-चुन्याचं पाणी ओता, निंबोळी पेंड घाला, प्रत्येक झाडाला वेगळं पाणी द्या, मधे केळी लावा.

शुक्रवारी करवतवाले आले. मी मळ्याच्या तोंडाशी मोपेड आडवी लावली. अप्पा माझ्यावर ओरडले, मी अप्पांवर ओरडले, करवतवाले कॉफी पीत मजा बघत बसले. शेवटी हाताबाहेर गेलेली पहिली दोन झाडं तेवढी पाडली. बाकीची वीस वाचली! आणि नुसती वाचली नाहीत. दुसऱ्या वर्षी नारळ उतरवणारा वरूनच ओरडला, अजून पोती आणा. त्या दिवशी अप्पा गावभर छाती काढून फिरले. मीही फिरले. का फिरू नये?

ही हकिगत मी मराठी गटातही लिहिली. आठवड्याभरात नागपूरकडच्या कुणीतरी विचारलं, माझं संत्र्याचं झाड सुकतंय, तंजावूरच्या काकांनी उपाय सांगावा. अप्पा आयुष्यात पहिल्यांदा सेंटरात आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. मी कीबोर्डवर बोटं ठेवून म्हटलं, "सांगा अप्पा, काय उपाय लिहू?"

"उपाय कसला? मी पाहिलंय का त्याचं झाड? आधी विचार त्याला, पाणी कुठून येतं."