दोन रंगांचा पाइप

नॉरिस हेगला इंग्रजी भाषेतली एकच गोष्ट चपखल लागू पडायची, आणि तीही अख्खा शब्द नव्हती. 'सेमी', म्हणजे अर्धा, हा नुसता तुकडा. स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. दुसऱ्या शब्दाच्या खांद्यावर हात टाकूनच चालतो. ऑल्डरशॉच्या गिअर कारखान्यात नॉरिसच्या कार्डावर 'सेमी-स्किल्ड' असं लिहिलेलं होतं. राहायचा तो सेमी-डिटॅच्ड घरात, म्हणजे एकाच भिंतीला दोन बाजूंनी पाठ लावून उभ्या असलेल्या दोन घरांपैकी डाव्या घरात. क्लबाच्या हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवण्याच्या स्पर्धेत तो तीनदा सेमी-फायनलला पोचला आणि तिन्ही वेळा हरला. क्लबातल्या फळीवर सोनेरी अक्षरांत नावं लागत ती फायनलवाल्यांची. सेमीवाल्यांना चहा मिळे.

"देवानं मला घडवायला घेतलं आणि तेवढ्यात जेवणाची शिट्टी झाली," तो सांगायचा. "तोही युनियनचा माणूस. शिट्टी झाल्यावर हत्यार हातात कशाला ठेवील?"

फिटरचं काम शिकायला तेव्हा पाच वर्षं उमेदवारी करावी लागे. नॉरिसनं ती मध्येच सोडली. घरची काही अडचण असेल असं लोकांना वाटे. अडचण कसली? ड्रिल मशीनवर त्या वयात जास्त पैसे मिळत आणि त्याला मोटरसायकल हवी होती. ती त्यानं चुलतभावाबरोबर निम्म्या भागीत घेतली. पहिल्याच रविवारी चुलतभावानं ती कालव्यात घातली. "माझा निम्मा भाग पुढचा की मागचा, हे ठरायचं होतं," नॉरिस म्हणे. "बुडाला तो माझाच असणार."

उजव्या घरात हेक्टर ब्यूमाँट राहायचा. त्याच कारखान्यात टूलमेकर, उमेदवारी पूर्ण केलेला, बायको वारल्यापासून एकटा. हेक्टर कुणाच्या कामाला नावं ठेवत नसे. काम बघायचा, थोडा वेळ थांबायचा आणि म्हणायचा, "चालेल." ते ऐकून माणसाला घरी जाऊन तोंडावर पांघरूण ओढून झोपावंसं वाटे.

दोन्ही घरांच्या बरोबर मधोमध, दर्शनी भिंतीवर, पावसाच्या पाण्याचा बिडाचा पाइप होता. दोन्ही छपरांचं पाणी त्यातूनच उतरायचं. त्या गल्लीची रीत अशी, की ज्यानं त्यानं आपल्या बाजूचं रंगवायचं. शेजाऱ्याच्या बाजूला ब्रश लावणं म्हणजे, तुला तुझं घर राखता येत नाही, असं त्याला तोंडावर सांगणं. आणि त्याबद्दल बोलायला जाणं त्याहून वाईट. म्हणून नॉरिस पाइपाची डावी गोलाई हिरवी रंगवायचा आणि हेक्टर उजवी गोलाई तपकिरी-लाल. मधली रेघ वरून खालपर्यंत जायची. हेक्टरची कड ओळंबा लावल्यासारखी सरळ. नॉरिसची कड शिडीवर शिंक आली की वळायची. दोघं रोज कुंपणावरून हवापाण्याच्या गप्पा मारत. पाइपाविषयी वीस वर्षांत अक्षर निघालं नव्हतं.

पाइपाची भिंतीकडची पाठ कुणाच्याच निम्म्यात येत नव्हती. तिला रंग लागलाच नाही.

त्या वर्षी झोपायच्या खोलीतली भिंत ओली झाली. गुलाबाच्या फुलांचा कागद वरून सुटून पुढे लोंबायला लागला. म्यूरिअल, नॉरिसची बायको, रात्र रात्र खोकायची. ती लोकरीच्या गिरणीत मेंडर होती. कापडावरून बोटं फिरवून दोष हुडकायचा आणि सुईनं भरून काढायचा, हे तिचं काम. तिच्या बोटांखालून एकही गाठ निसटत नसे.

नॉरिस म्हणाला, "भिंतीनं माझाच स्वभाव उचललाय. अर्धी ओली, अर्धी कोरडी."

म्यूरिअल हसली नाही. "नॉरिस, तू दर वेळी स्वतःला हसतोस आणि सुटतोस. तुझ्या विनोदानं माझा खोकला थांबत नाही."

"मी बघतो ना."

"तू बघतोसच. सुट्टीच्या आठवड्यात मी मोरकॅमला आयव्हीकडे चालले. शनिवारी येईन. पाणी झिरपायचं थांबलेलं नसेल तर पिशवी उघडणार नाही, तशीच परत जाईन. बहिणीकडे खोली रिकामी आहे."

"कायमची?"

"खोकला जाईपर्यंत. तुझ्या वेगानं म्हणजे कायमचीच धर."

सुट्टीच्या आठवड्यात ऑल्डरशॉ बंद पडायचं. कारखाना, गिरण्या, दुकानं, सगळं एकदम. धुराडी थंड व्हायची आणि गाव समुद्रावर जायचं. नॉरिसनं हेक्टरला सांगून टाकलं, मीही मोरकॅमला जातोय. हेक्टर म्हणाला, मी ब्रिडलिंग्टनला. नॉरिसला हायसं वाटलं. शेजारी गावाला गेला की गुपचूप पाइप बदलून टाकायचा. परत आल्यावर हेक्टर बघेल, थोडा वेळ थांबेल आणि हवेविषयी बोलेल. कुणालाच लाज वाटायला नको.

सोमवारी सकाळी पडदे लावलेल्या घरातून नॉरिस शिडी घेऊन दबकत बाहेर आला. घराच्या दुसऱ्या कोपऱ्यावरून आणखी एक शिडी आली. तिच्या मागे हेक्टर होता.

दोघं पाइपापाशी समोरासमोर उभे राहिले.

"ब्रिडलिंग्टनला पाऊस आहे म्हणे," हेक्टर म्हणाला.

"मोरकॅमलाही."

"असणारच."

नॉरिसनं शिडी भिंतीला टेकवली. "तुझीही भिंत ओली आहे?"

"महिनाभर खाली खुर्चीत झोपतोय."

"अरे मग बोलायचं तरी!"

"म्हटलं, तुला वाटेल तुझ्या बाजूला नावं ठेवतोय." हेक्टरनं टोपी मागे सारली. "तू का नाही बोललास?"

"तुझी कड इतकी सरळ होती, की मला वाटलं गळतंय ते माझ्याच बाजूनं."

दोघांनी मिळून पाइप उतरवला. बिडाचा पाइप हलका नसतो. वरचा तुकडा एकानं खांद्यावर तोलून धरायचा आणि दुसऱ्यानं पाइपाच्या कानांतून भिंतीत ठोकलेले खिळे हळूहळू उपसायचे. घाई केली की पाइपाचे कान तुटतात नाहीतर माणसाचे. खाली गवतावर आडवा टाकून त्यांनी तो उलटा केला. पाठीवर गंजाचे पापुद्रे होते. नॉरिसनं अंगठा दाबला तो आत गेला.

"तुझी रेघ मात्र सरळ आहे," नॉरिस म्हणाला.

"हं. कुजलाही सरळच आहे," हेक्टर म्हणाला. त्यानं केलेला विनोद नॉरिसनं पहिल्यांदाच ऐकला.

मग नॉरिस हात पुसत म्हणाला, "चल, पाइप घेऊन येऊ." आणि जागीच थांबला. हार्डवेअरचं दुकान बंद होतं. दुकानदार ब्लॅकपूलला पाय पाण्यात सोडून बसला होता. गावात पुढच्या सोमवारपर्यंत खिळासुद्धा मिळणार नव्हता.

"जुना काढायच्या आधी नवा कुठं मिळेल ते बघतो, तो स्किल्ड," नॉरिस म्हणाला.

"मी स्किल्ड आहे. मला कुठं सुचलं?"

दुपारी पाऊस आला. दोन छपरांचं पाणी पन्हळीच्या भोकातून थेट भिंतीवर कोसळायला लागलं. त्यांनी बादल्या लावल्या, त्या भरल्या. नॉरिसनं मेणकापडाची जुनी पट्टी आणली. पन्हळीला बांधून पाणी अंगणात सोडता येईल, आठवडा निघेल, बाकीचं सुट्टीनंतर. एक गाठ त्यानं मारलीसुद्धा. शनिवारी म्यूरिअलला काय सांगायचं, तेही मनात जुळून आलं होतं: मी पाइप काढला, म्हणजे निम्मं काम झालं की नाही? वाक्य छान होतं. क्लबात त्यावर लोक हसले असते. म्यूरिअल हसली नसती.

तो शिडीवरून उतरला आणि आतून कोट घेऊन आला.

"कुठं?" हेक्टरनं विचारलं.

"ब्रिगरॉइडला. त्या गावाची सुट्टी पुढच्या महिन्यात असते. दुकानं उघडी असतील."

"पाइप आणायचा कशातून?"

"बसमधून."

"बसमधून," हेक्टर म्हणाला आणि तोही कोट आणायला गेला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरबाईनं वाटेत आडवे पडलेले तीन पाइप बघितले. "काय राजा, कुणाचं प्रेत आणलंय?"

"नातेवाईक आहे," नॉरिस म्हणाला. "दोन्ही घरांचा."

"मग तिकीट काढा त्याचं. अर्धं चालेल, बसायला जागा घेत नाही."

"अख्खं द्या," नॉरिस म्हणाला.

बाईनं हेक्टरकडे बघितलं. "बरा आहे ना हा?"

"आजच बिघडलाय," हेक्टर म्हणाला.

थांब्यापासून घरापर्यंत चढ होता. दर दिव्याच्या खांबाशी पाइप खाली ठेवायचे, खांदा बदलायचा, पुढे. एका वेळी एकच पाइप नेण्यात शहाणपण होतं. ते त्यांना घरी पोचल्यावर कळलं.

पाइप नॉरिसच्या स्वयंपाकघरात खुर्च्यांवर आडवे ठेवले. काचपेपरनं घासले, पुसले, अस्तर मारलं, वाळू दिलं. ओल्यावर दुसरा हात मारणारा माणूस वेळ वाचवत नाही, काम दुप्पट करतो. हेक्टरनं तपकिरी-लाल रंगाचा डबा उघडला. तळाला थोडा रंग उरला होता, त्यावर साय धरलेली. नॉरिसचा हिरवाही तेवढाच. अख्ख्या पाइपाला दोन्हींपैकी एकही पुरणार नव्हता. शेडमध्ये काळ्या रंगाचा एक डबा मिळाला, जवळजवळ भरलेला.

"कड कुठं धरायची?" हेक्टरनं विचारलं.

"कड नाही. सगळीकडून."

नॉरिसनं पाइप फिरवत फिरवत रंगवला. पाठ आधी, पुढचं मागाहून. त्याचे गुडघे दुखले, पाठ दुखली आणि एकदा सवयीनं मध्यावर येऊन ब्रश थांबला. हेक्टर बघत होता. नॉरिस पुढे सरकला.

शुक्रवारी पाइप चढला. या वेळी भिंतीपासून बोटभर पुढे, मागून वारा फिरेल असा. रात्री पाऊस झाला. सकाळी पाणी पाइपातून खाली जाळीत उतरताना दोघांनी उभं राहून ऐकलं. भिंतीवर थेंब नव्हता.

"चालेल," हेक्टर म्हणाला.

शनिवारी दुपारी म्यूरिअल फाटकातून आत आली. तिनं पाइपाचा रंग बघितला नाही, नॉरिसकडेही बघितलं नाही. पिशवी खाली ठेवली, हातमोजा काढला आणि पाइपाच्या मागे बोटं घातली. हात पोचेल तिथपासून खालपर्यंत ती चाचपत आली. गिरणीत कापडाचा तागा तपासावा तशी, सावकाश. नॉरिसच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. त्यानं ते गिळलं.

तळाच्या वाकणाशी तिची बोटं थांबली. वर आली तेव्हा काळी झाली होती.

"ओला आहे," ती म्हणाली.

"तिथं चढवताना भिंतीशी घासून ओरखडा पडला होता. सकाळी पुन्हा हात मारला."

"मागून?"

"मागूनच पडला होता."

म्यूरिअलनं बोटं नाकाशी नेली. "भिंत सुकायला हिवाळा जाईल."

"जाईल."

"तोवर पलंग खाली आणावा लागेल."

"आणू."

कुंपणावरून हेक्टरचा हात आला. हातात टर्पेंटाइनची चिंधी होती. म्यूरिअलनं ती घेतली, बोटं पुसली आणि नॉरिसला म्हणाली, "पिशवी आत ने. आयव्हीनं शिंपले दिलेत, खराब होतील."

नॉरिसनं पिशवी उचलली. दारात त्याला आठवलं, शिडी अजून बाहेरच पडली आहे. त्यानं पिशवी आत नेऊन टेबलावर ठेवली, शिंपले थंड जागी ठेवले आणि शिडीसाठी परत बाहेर आला.