एकेचाळीसची मागची बाजू

प्राध्यापक हेरंब ताम्हणकर दुपारी झोपत नाहीत. डोळे मिटून विचार करतात. रविवारी अडीचच्या सुमाराला हा विचार इतका खोल जातो की भिंतीपलीकडच्या बिडकरांना तो ऐकू येतो. बिडकर सज्जन आहेत, बोलून दाखवत नाहीत.

आज मात्र डोळे मिटायचे नाहीत असं ठरवूनच ताम्हणकर टेबलाशी बसले आहेत. हातात पांढरे सुती मोजे. समोर विजेची किटली, एक बोथट पातळ सुरी आणि शाळासोबती दिगंबर मुळीकची शंभर पानी वही. किटलीचं बटण दाबलेलं आहे. पाणी उकळलं की वहीचं पान वाफेवर धरायचं, खळ मऊ झाली की सुरी सरकवायची आणि क्रमांक एकेचाळीस सोडवून घ्यायचा. मग बेचाळीस वर्षांनी संच पुरा. दिगंबर विरोध करू शकत नाही, तो श्रावणात वारला.

संच म्हणजे ‘झकास’ बबलगमची क्रिकेटपटूंची कार्डं. सातवीत असताना सांगलीभर त्यांचं वेड होतं. गमला चव कपड्याच्या साबणाची, पण आत एक कार्ड निघायचं. एकूण साठ. कंपनीने बारा आणि एकेचाळीस ही दोन मोजकीच छापली, म्हणजे पोरांनी साबण चघळत राहावं. पोरं चघळत राहिली आणि पुढे कंपनीच बुडाली. ताम्हणकरांकडे एकोणसाठ कार्डं आहेत. प्रत्येक वेगळ्या पारदर्शक पाकिटात, कसर लागू नये म्हणून अल्बममध्ये कडुलिंबाचा सुका पाला, दमटपणा नको म्हणून बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या पुड्या. लग्न जमलं नाही, नंतर जमवायचं राहून गेलं. कार्डांना मात्र चाळीस वर्षांत वारा लागू दिलेला नाही.

नाही म्हणायला एकेचाळीस त्यांना एकदा मिळालं होतं. घारे डोळे, कलते ग्लोव्हज, बुटका यष्टिरक्षक. एक दिवस जवळ होतं, दुसऱ्या दिवशी दप्तरातून हरवलं. मग कधीतरी तेच कार्ड दिगंबरला निघालं. दिगंबरकडे बारा नव्हतं, ते ताम्हणकरांकडे होतं. अदलाबदल करावी तर एकाचं भोक दुसऱ्या जागी सरकणार, बाकी काही नाही. त्यात दिगंबरने आपली एकोणसाठच्या एकोणसाठ कार्डं मैद्याच्या खळीने वहीत चिकटवून टाकलेली. जतन करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा खूनच. कार्डाची मागची बाजू कायमची गेली.

टेलिफोन ऑफिसातला दिगंबर बदली होऊन सांगलीत परतला त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी तीन वाजता तो कापडी पिशवीत वही घालून यायचा. “बारा देतोस?” विचारायचा. “तू एकेचाळीस देतोस?” ताम्हणकर विचारायचे. “नाही.” “मग मीही नाही.” एवढं झालं की चहा.

परवा दिगंबरच्या बायकोने, मालिनीवहिनींनी, ती पिशवी आणून दिली. “भावजी, ही तुम्हीच ठेवा,” म्हणाल्या. “घरात कुणाला त्यातलं कळत नाही. आणि रद्दीवाला आला की मला उगाच ही घेऊन दारामागे उभं राहावंसं वाटतं.”

किटली गुणगुणायला लागते. ताम्हणकर विचार करण्यासाठी क्षणभरच डोळे मिटतात.

वेताची खुर्ची करकरते. दिगंबर बसलेला आहे, मांडीवर पिशवी.

“चहा टाकलास?”

“वाफ काढतोय,” ताम्हणकर म्हणतात.

“सर्दी?”

“तुझ्या वहीला.”

“अस्सं.” दिगंबर किटलीकडे बघतो, सुरीकडे बघतो. “आणि हे मोजे? ऑपरेशन आहे का कुणाचं?”

“कार्डाला घाम लागू नये म्हणून. तुला नाही कळायचं.” मग ताम्हणकरांना आठवतं. “दिग्या, तू श्रावणात गेलास ना?”

“गेलो की. पण आज रविवार आहे.”

हे पटण्यासारखं आहे. ताम्हणकर मान हलवतात आणि खुर्चीखाली पाय सोडतात, तर पाय गमवाल्या कडेपुऱ्यांच्या दुकानाच्या पायरीवर टेकतात. दोघं पायरीवर बसले आहेत. अंगावर शाळेच्या अर्ध्या चड्ड्या, नाकावर आत्ताचेच चष्मे. दिगंबरच्या गुडघ्यावरचे केस पांढरे आहेत. कडेपुरे बरणीतून दोन गम काढून देतात आणि आत जातात. दुकानात बरण्या आहेत, तराजू आहे, माल काहीच नाही.

दिगंबर चघळतो. “अजून साबणच.”

“कोण निघालं?”

“तेविसावा. नेहमीचाच रड्या.” त्याच्याकडे तेविसावे पाच होते, ताम्हणकरांकडे सात. “तुला?”

ताम्हणकरांच्या कागदात कार्ड नाही. ते कागद उलटा करून बघतात, झटकतात. पायरी उंच होत जाते आणि तिचा लाकडी काउंटर होतो, टेलिफोन ऑफिसातला. पलीकडे दिगंबर कानाला फोन लावून बसलेला, अलीकडे रांगेत ताम्हणकर एकटेच.

“एकेचाळीस नंबर जोडून द्या,” ते म्हणतात.

“लाइन बिझी आहे.”

“किती वेळ?”

“बेचाळीस वर्षं झाली साहेब, तुम्ही थांबता का?”

“मला दुसरीकडे कुठे जायचंय,” ताम्हणकर म्हणतात, आणि हे वाक्य त्या रिकाम्या ऑफिसात जरा जास्तच मोठ्याने उमटतं.

दिगंबर फोन खाली ठेवतो. काउंटरची फळी उचलतो आणि म्हणतो, “ये आत. दाखवतो.”

आत सातवी ब आहे. बाक रांगेने, पोरं नाहीत, बाहेर कवायतीच्या शिट्ट्या. तिसऱ्या बाकाखाली ताम्हणकरांचं खाकी दप्तर. दिगंबर, हा पन्नाशी उलटलेला, बायपास झालेला दिगंबर, हळूच गुडघे टेकतो, दप्तर उघडतो, कंपासपेटी काढतो. पेटीत सगळ्यात खाली, कोनमापकाच्या खाली, घारे डोळे.

कार्ड तो शर्टात घालतो. मग तिथेच बाकाला टेकून बसतो, कारण उठायला त्याला जमत नाही.

“मला कधी निघालंच नाही ते,” तो म्हणतो. “तुझंच.”

शिट्ट्या थांबतात.

“खोटं,” ताम्हणकर म्हणतात. “माझं असतं तर मागे खूण असती.”

खूण असायचीच. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. त्यांची जांभळी पेन्सिल, जिभेला लावून ओली केली की शाईसारखी उमटायची. हेरंब प्रत्येक कार्डामागे, कार्ड हातात पडल्या पडल्या, ‘हे. ता.’ लिहायचा. त्याची जीभ पूर्ण सातवी जांभळी होती.

“आहे ना खूण,” दिगंबर म्हणतो. “घासली, खोडरबराने घासली, जाईना. म्हणून चिकटवलं.”

“पण तू तर सगळीच…”

“एकच चिकटवलं असतं तर तू विचारलं असतंस, हेच का म्हणून. तू पहिल्यापासून तसला. मग सगळी चिकटवली. एकोणसाठ. दोन वाट्या मैदा गेला म्हणून आईने लाटण्याने हाणलं.”

ताम्हणकर बाकावर बसतात. बाक सातवीतल्या पोराच्या मापाचा, गुडघे छातीशी येतात.

“इतकी वर्षं मी तुला अडाणी म्हणतोय. खळीवरून.”

“दर रविवारी. माझ्यापुढची बिस्किटं उचलत.”

“सांगायचंस ना, लेका.”

“सांगणारच होतो. बदली झाल्यावर पहिल्या रविवारी तेवढ्यासाठीच आलो होतो. वही घेऊन. पण तू दार उघडलंस आणि तोंडच असं केलंस की वर्षभरात कुणी बेलच वाजवली नसावी.” दिगंबर चष्मा पुसतो. “मग म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू.”

“पुढच्या रविवारी काय झालं?”

“तू चकल्या आणून ठेवल्या होत्यास.”

 त्या चकल्या ताम्हणकरांना आठवतात. बसस्टँडमागच्या दुकानातून आणल्या होत्या आणि मुद्दाम आणल्यात असं वाटू नये म्हणून डब्यात काढून ठेवल्या होत्या.

“तुझा संच पुरा झाला असता हेऱ्या, तर मी कशाला यायचं?” दिगंबर म्हणतो. “नुसता यायला काहीतरी कारण नको?”

सव्वीस वर्षांचे रविवार म्हणजे साधारण साडेतेराशे, एवढा हिशोब ताम्हणकरांचं डोकं सवयीने करून टाकतं. पुढे काय करायचं ते त्याला कळत नाही.

वर्गाचा फळा खाली येतो आणि त्याचं टेबल होतं. दोघं पुन्हा घरात आहेत. वही उघडी. किटलीतून वाफेची बारीक रेघ निघते आहे.

“तो मोजा काढ,” दिगंबर म्हणतो.

“कार्डाला—”

“काढ रे.” तो स्वतःच उजव्या हाताचा मोजा ओढून काढतो. त्याची बोटं गरम आहेत. ताम्हणकरांना ती गार असतील असं वाटलं होतं. तो त्यांचा अंगठा धरतो आणि एकेचाळीसच्या कोपऱ्याखाली सरकवतो, सुरीबिरी काही न लागता. कार्डाची मागची बाजू ओली लागते.

“घे. तुझंच आहे.”

आणि मग, सवयीने, पिशवी सावरत विचारतो, “बारा देतोस?”

यावर ‘तू एकेचाळीस देतोस?’ असं म्हणायचं असतं. पण ते तर त्याने आत्ताच दिलं. ताम्हणकर दुसरं काहीतरी उत्तर शोधतात. सव्वीस वर्षांत दुसरं उत्तर लागलंच नव्हतं. ते तोंड उघडतात.

टक्.

किटली बंद झाली आहे. वेताच्या खुर्चीवर कालची वर्तमानपत्रं. भिंतीपलीकडे बिडकर खाकरतात. तीनला दोन मिनिटं कमी.

वही मिटलेली आहे. ताम्हणकर उघडतात. एकेचाळीस जागेवर आहे, चारही कोपरे पक्के, कागद कोरडा ठणठणीत. सुरी होती तिथेच. दोन्ही हातांत मोजे, पांढरेशुभ्र, कुठे डाग नाही. ते उजवा मोजा काढतात.

अंगठा जांभळा आहे. पेरापासून टोकापर्यंत, ओल्या पेन्सिलीचा तो जुना, जिभेवर तुरट लागणारा जांभळा. मालधक्क्यावरची ती पेन्सिल वडिलांबरोबर संपली, त्याला एकतीस वर्षं झाली.

खात्री करून घ्यायला वाफ आहे, सुरी आहे. पुराव्याशिवाय काही मानू नका असं तीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस किटली उचलतो आणि स्वयंपाकघरात जातो.

डब्यात मैदा सापडतो. थोडी जाळी धरलेला, पण चालेल. वाटीत दोन चमचे घेऊन त्यावर ते किटलीतलं पाणी ओततात आणि गुठळ्या मोडेपर्यंत ढवळतात. मग अल्बममधलं क्रमांक बाराचं पाकीट उघडतात. कार्ड बाहेर काढतात, दुसरा मोजाही काढून टाकतात. मागे ‘हे. ता.’ आहे. त्यावर बोटाने खळ फासतात, अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत.

दिगंबरच्या वहीत पेन्सिलने आखलेला एक रिकामा चौकोन आहे, आत ‘१२’. ताम्हणकर कार्ड त्यावर टेकवतात आणि नीट बसावं म्हणून अंगठ्याने दाबून धरतात. घड्याळात तीन वाजतात.

“घे,” ते म्हणतात.

अंगठा उचलल्यावर कार्डाच्या कडेला जांभळा ठसा राहतो. ते तो पुसत नाहीत.