बन्सी आचाऱ्याचं कथिल

अन् मग बन्सीनं आपली पातेली पालथी घातली, सई पोरी, मी बोलंल तसं लिही पुढं. पाचोडचा बन्सी आचारी म्हणजे लग्नाच्या पंगती त्याच्याच हातच्या. पण त्या साली दुष्काळ पडला, टँकरच्या पाण्यावर पंगत कोण घालतंय? बायकोला, सरूबाईला, घेऊन तो बजाजनगरच्या एका खोलीत आला अन् वाळूजच्या कारखान्यात शिरला. तिथं स्कूटरच्या सीटचा फोम व्हायचा. आधी काम बघू, मग ठेवू, असं सुपरवायझर सर्जेराव म्हणले. इकडं सरूबाईनं शेजारणींना सांगून टाकलं, नोकरी पक्की झाली म्हणून. आता आली का पंचाईत?

काम सैपाकासारखंच. दोन रस, एक मधासारखा, एक काकवीसारखा. घोटायचे, साच्यात ओतायचे, झाकण लावायचं. फुगून सीट तयार. पण नुसतेच घोटले तर लई आळसानं फुगतात, म्हणून आधी मधाच्या रसात कथलाच्या तेलाचे थेंब.

कथिल म्हणल्यावर बन्सी खुलला. त्याच्या पातेल्यांना कल्हई कथलाचीच. जन्मभर त्यातच गाव जेवलं, ते काय बाधतंय? पाहुणे वाढले तर पुरावं म्हणून डाळीत सैल हातानं पाणी ओतायचा, तसा थेंबांवरही हात सैल सोडला.

घोटता घोटता रस पांढरा पडला अन् उठलाच. बादलीतून निघाला, टेबलावरून उतरला, बन्सीच्या चपला गिळल्या. इकडून दाबला की तिकडून वर. शेवटी उतू जाणाऱ्या दुधावर मारतात तसा त्यानं पाण्याचा हबका मारला. पाण्यानं तर फोम जास्तच फुगतो. सगळी माणसं हसून हसून पोट धरून खाली बसली.

सर्जेरावांना हसू आवरंना. म्हणले, "आचारी, भांड्यावरचं कथिल गप बसतंय. याला तेलाच्या शेपट्या जोडल्यात, म्हणून हे रसात विरघळतं. दोन्ही रसांचं लग्न लावतं अन् आपण तसंच्या तसं सुटतं, पुढच्या लग्नाला मोकळं. थेंबात काम होतं. अंगाला लागलं तर भाजतं, पोटात गेलं तर ईख, जहरच."

"साहेब, अजून एक घाणा द्या," बन्सी म्हणला.

या वक्ताला काट्यावर तोलून, डाव्या हातानं उजवं मनगट आवळून त्यानं थेंब सोडले. झाकण वेळेत बसलं. सीट निघाली, सर्जेराव तिच्यावर बसून दोनदा उसळले अन् म्हणले, उद्यापासून कायमचा ये. सरूबाईचं बोलणं खरं झालं, आगाऊ का हुईना.

वाचणाऱ्या, तुझ्या वळखीचं कुणी वाळूजला नवं लागलं असंल, तर त्याला एवढं कळीव: त्या तेलाच्या बाटलीला हात लावायच्या आधी हातमोजे घाल म्हणावं.