सर मैदानावर नव्हते, मी सही करणार नाही

आज मी आमच्या क्रीडा शिक्षकांना तोंडावर "नाही" म्हणून आले. आता संघात राहते की नाही, माहीत नाही.

मी आमच्या कॉलेजच्या खो-खो संघाची कॅप्टन. रोज पिंगळीहून रेल्वेनं येते. उद्या तपासणीला समिती येणार, म्हणून सरांनी दुपारी सरावाची नवी कोरी वही माझ्या हातात दिली.

"जूनपासूनच्या रोजच्या सह्या घे सगळ्या पोरींच्या. खाली प्रशिक्षक म्हणून मी करतो."

जूनपासून सर मैदानावर चारदा आले असतील, त्यातही दोनदा फोटोला. खांब आम्हीच रोवले. झरी गावाहून येणाऱ्या एका पोरीचा घोटा मुरगळला, तेव्हा तिला रिक्षात घालून दवाखान्यात आम्हीच नेलं. जिंकलो की हार सरांच्या गळ्यात, हरलो की "पोरी मेहनत करत नाहीत."

मी म्हणलं, "सर, सराव आमी केला. तुमी नव्हते. तुमच्या नावापुढं गैरहजर लिहिते, मग सगळ्या जणी सह्या करतो."

"लय शहाणी झालीस! संघातून नाव काढीन."

"काढा. पण आधी आमा सगळ्या जणींची नावं तर सांगा."

सरांनी तीन नावं घेतली. चौथ्याला अडखळले आणि बाकीची बघायला त्यांनी तीच वही उघडली. पण सही कुणीच केली नव्हती. पानं कोरीच होती.

तुमच्या सरांना तुमचं नाव माहीत आहे का? खरं सांगा.