टिपा झिजवायला लावणारे घाईमास्तर

लालबागमधला सगळ्यात संथ माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून घाईमास्तरांचं नाव घेईन. हे चालणार मुंगीच्या पावलांनी. बांगड्याचा एकेक काटा वेगळा काढत जेवणार. साधं 'हो' म्हणायचं तरी आधी चष्मा पुसून घेणार. आणि आमच्या वर्कशॉपमध्ये मशीन पळवायला सांगणारा माणूसही हाच! नाव घाईमास्तर पडलं ते त्यामुळे. खरं आडनाव फक्त पगारपत्रकाला माहीत.

आमचं वर्कशॉप म्हणजे एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीतला लांबट गाळा. चार लेथ, दोन सीएनसी, आणि दाराशी माझं टेबल. पंपाचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, बनवायचे, मी ते मायक्रोमीटरने मोजायचे आणि पास-नापास करायचे. घर दोन गल्ल्या पलीकडे, चाळीत. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन तिला भरवायचं, की परत टेबलाशी. संध्याकाळी मात्र ओव्हरटाइम. आठ-साडेआठला घरी पोचावं तर ती झोपलेली असायची. जागी असली तरी रुसलेली.

आणि अशात पंपवाल्या कंपनीने शेठना बजावलं, दसऱ्यापर्यंत दुप्पट माल द्या, नाहीतर काम वसईच्या कारखान्याला जाईल. शेठ म्हणाले, काम तिकडे गेलं तर मीही गाळा विकून तिकडेच जातो. वसईला नोकरी म्हणजे दुपारी आईच्या तोंडात घास कोण घालणार? आणि नोकरी सोडली तर घास आणणार कुठून?

त्या गडबडीत शेठनी माल वाढवायला मास्तरांना आणलं. पहिल्या दिवशी हा गृहस्थ नुसती मशीनची थरथर जोखत राहिला. स्टूल घेऊन प्रत्येक मशीनपाशी बसला, पत्र्यावर तळहात ठेवून. मी मनात म्हटलं, झालं, बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तर आमची काडी ही अशी!

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आमच्या वर्मावरच बोट ठेवलं. आमच्याकडे एक रीत होती. लोखंड कापणारी ती कार्बाइडची इवलीशी टिप असते ना, ती वर्षभरात जो कमीत कमी वापरेल, त्याला खंडेनवमीच्या पूजेला शेठच्या हातून शाल आणि नारळ. शाल दरवर्षी पांडूमामांची, आमच्या लेथवरच्या सगळ्यात जुन्या टर्नरची. मामा टिपा फडक्यात गुंडाळून तंबाखूच्या डबीत ठेवत, बायकोच्या दागिन्यांसारख्या. टिप झिजू नये म्हणून मशीन हळू चालवत. त्यांचं बघून सगळेच हळू. आम्हाला वाटायचं, कारागिरी म्हणतात ती हीच.

मास्तर डबीकडे बघून आपल्या मालवणीत म्हणाले, "मामा, टिप झिजूकच आणलेली आसा, पुजूक नाय."

मामा भडकले. "काल आलेल्या माणसाने मला शिकवू नये!"

मास्तरांनी वाद घातला नाही. मामांच्याच लेथवर शाफ्ट चढवला, स्पीड थोडा वाढवला, हात पत्र्यावर. मग आणखी थोडा. मशीनचा आवाज चढला तसे सगळे गोळा झाले. मामा तर कानावर हात ठेवून उभे. शाफ्ट उतरला, माझ्या टेबलावर आला. मी मोजला. माप बरोब्बर, आणि अंगावर अशी चमक की त्यात माझी टिकली दिसावी. कार्बाइड हळू चालवलं की लोखंड त्याला चिकटतं आणि कापलेला जॉब खरबरीत होतो, हे मास्तरांनी नंतर शांतपणे सांगितलं.

"पण टिप गेली ना माझी!" मामा कळवळले.

"गेली. टिप दुकानात मिळते, मामा. हे काम वसईला गेलं तर ते कुठल्या दुकानातून आणाल?" मास्तर म्हणाले.

दुपारनंतर मामांनी डबी उघडून नवीकोरी टिप काढली, कपाळाला लावली आणि मशीनला चढवली.

मास्तरांनी शेठना मात्र सगळ्यांसमोर अट घातली. माल दुप्पट देतो, पण पाचला शटर खाली. शेठ घायकुतीला आले होते, हो म्हणून गेले. माल वेळेत पोचला, काम लालबागला राहिलं. त्या खंडेनवमीला शाल मिळाली सगळ्यात जास्त टिपा संपवणाऱ्याला. कुणाला, सांगायला हवं का? मामा शाल पांघरून इतके लाजले, जणू लग्नच ठरलंय त्यांचं!

मग शेठची भूक चाळवली. एवढं पळतंय तर आणखी दोन तास पळवू, म्हणाले. पाच वाजले होते. मास्तर आपल्या चालीने गेले, शटरचा आकडा हातात घेतला आणि म्हणाले, "शब्द दिलाय, शेठ. घाई मशीनीक, माणसाक नाय." शेठ पुटपुटत केबिनमध्ये गेले. मास्तर होते तोवर पुन्हा ओव्हरटाइमचं नाव निघालं नाही.

मला संध्याकाळ मिळाली, बाई! सव्वापाचला मी घरी. आईला उशीला टेकवून बसवायचं, चहा बशीत ओतून पाजायचा, खालच्या वाडीतल्या भांडणांची मजा दोघींनी ऐकायची. तिचं बोलणं अर्धंच कळायचं, पण हसू पूर्ण कळायचं. आई गेली तीही अशाच एका संध्याकाळी, चहा पिऊन झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी मास्तर भेटायला आले. तीन मजले चढायला त्यांनी किती वेळ घेतला ते देवच जाणे. उंबऱ्याशी टेकले, चष्मा पुसला.

"गो बाय, तू घराक होतंस?"

"होते. माझ्या मांडीवरच डोकं होतं तिचं."

"मगे बरां झालां," म्हणाले, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

नंतर ते निवृत्त होऊन कोकणात गावी गेले. गेल्या उन्हाळ्यात तिथेच वारले. बातमी कळली. मी त्यांच्या मुलाला फोन लावला. सांत्वनाचे शब्द जुळवले होते, पण तोंडातून भलतंच आलं. "त्यांच्याजवळ कोण होतं रे?"

"सगळेच होतो, ताई," तो म्हणाला.

तेव्हा कुठे मला रडू फुटलं.